दाखवायचे दात

डस्टर कुणीतरी पळवलं होतं, म्हणून दादाने खिशातला रुमाल काढला आणि आधीच्या तासाचं सगळं फळ्यावरून पुसून टाकलं. मग खडू घेऊन मोठ्या, गोल अक्षरांत त्याने एक वाक्य लिहिलं. शेवटच्या बाकावर पाहुणी म्हणून बसलेल्या त्याच्या बहिणीने, धाकटीने, ते वाचलं आणि पर्समधून बाटली काढणारा तिचा हात तिथेच थांबला.

'इकडे सगळं ठीक आहे. तू सावकाश ये.'

हे वाक्य आईचं होतं. दीड वर्षापूर्वी, धाकटीच्या घरी, खिडकीजवळच्या पलंगावरून आईने ते फोनवर उच्चारलं होतं. दादाने ते जसंच्या तसं खरं मानलं, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासून हातावेगळा केला आणि सावकाश गेला. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"एक म्हातारी बाई," दादा वर्गाला म्हणाला, "आजारी आहे. मुलगा लांबच्या गावी. फोनवर त्याला एवढंच म्हणते. हे इंग्रजीत आणा. नुसते शब्द आणू नका, शब्दांची ने-आण आता यंत्रंही करतात. शब्दांच्या मागे जे उभं आहे ते आणा."

माना वह्यांमध्ये गेल्या. इंग्रजी साहित्य शिकायला आलेल्या या मुलांना संस्कृत काव्यशास्त्र आणि अनुवाद हा पेपर म्हणजे सहलीला निघताना गळ्यात पडलेली म्हातारी आत्या. बहुतेकांनी तो घेतला होता कारण दुसऱ्या पेपरच्या जागा भरल्या होत्या. पण दादाच्या तासाला मुलं बसत. शब्दाचा सरळ अर्थ एक, आणि घंटा वाजून गेल्यावर तिचा नाद कानात घुमत राहावा तसा मागून येणारा न बोललेला अर्थ दुसरा. त्या दुसऱ्याला जुने लोक ध्वनी म्हणत, हे तो असं काही सांगे की शेवटच्या बाकावरचे मोबाइलही खिशात जात.

दरवर्षी या तासाला तो बाहेरचं एक माणूस बोलावी. ना संस्कृतचं, ना इंग्रजी विभागाचं. मुलांनी आपले अनुवाद वाचायचे आणि ज्या अनुवादाने त्या माणसाच्या चेहऱ्यावर काही हलेल तो पास. "सहृदय, म्हणजे खरा रसिक, असाच ओळखतात, पदवी बघून नाही," तो म्हणे. मागच्या खेपेला त्याने ग्रंथपालबाईंना आणलं होतं. यंदा धाकटीला फोन केला, आणि तिने दोन दिवस दवाखाना बंद ठेवून होकार दिला. तिचं स्वतःचंही एक काम होतं.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला होता.

"रात्री उठून बसतात हो. जेवणावर लक्ष नाही. 'जन्मभर हेच शिकवलं आणि घरचंच मला कळलं नाही' एवढंच म्हणतात. तुम्ही होतात आईंजवळ. तुम्हीच काहीतरी बोला."

या दुखण्यावरचं औषध आपल्याकडे आहे, असं धाकटीला वाटलं होतं. ते देऊन टाकावं, म्हणून ती आली होती.

"हं, बोला. काय म्हणतेय ही बाई?" दादाने विचारलं.

"सर, बोलावतेय," चष्मेवाली एक मुलगी म्हणाली.

"लगेच ये म्हणतेय," मागून दुसरी.

"अरे, पण सावकाश म्हणाली ना ती?"

"सर, ते म्हणायचं असतं!"

वर्ग हसला. दादाही हसला, पण त्याचे खांदे थोडे खाली आले. विशीतल्या पोरांना एका दमात कळलं होतं.

"हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे," तो म्हणाला. "आपल्या जाडजूड ग्रंथांत जे आहे ते या म्हणीत आलं. हवं तर आमच्या पाहुण्यांना विचारा, त्या दातांच्याच डॉक्टर आहेत."

सगळी मुलं मागे वळून हसली. धाकटीनेही हसून दाखवलं. तिला मात्र पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवलेली आईची कवळी दिसत होती.

ती कवळी धाकटीनेच बनवली होती. शेवटी शेवटी हिरड्या आटल्या, कवळी सैल झाली, टोचू लागली, तेव्हा आईने ती काढून ठेवली ती ठेवलीच. पेज, दूध, पाणी. दात हवेत कशाला? त्या दुपारी मात्र तिने स्वतःहून कवळी मागितली.

"दादाला फोन लाव."

"फोनवर बोलायला कवळी कशाला? तो काय बघतोय थोडाच?"

"बोबडं बोलले तर पहिल्या गाडीने येऊन उभा राहील."

धाकटीने चिकट पावडर लावून कवळी बसवली. आईने छताकडे बघत वाक्य दोनदा म्हणून पाहिलं आणि मग फोनवर, परीक्षेत पाठांतर म्हणावं तसं, खणखणीत म्हटलं. फोन ठेवल्यावर तोंड उघडलं. कवळीला रक्त लागलं होतं.

"जमलं ना गं?"

"आई, बोलावू का त्याला? खरं सांग."

"नको. तो आला की मला नीट बसावं लागतं. पाणी मागितलं तरी त्यात त्याला काहीतरी थोर दिसतं. आता नाही गं तेवढी ताकद. आपण दोघी बऱ्या."

आपण दोघी बऱ्या. जन्मभर आईचा जीव दादावर, आणि धाकटी कायम उरलेल्या जागेत बसलेली. त्या शब्दांनी तिला आनंद झाला होता, अगदी मनापासून. आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली होती, तीही मनापासून.

"सर," खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला, "तिला खरंच तो यायला नको असेल तर?"

पुन्हा हशा पिकला. दादा हसला नाही.

"का नको असेल?"

"म्हणजे… दमली असेल. मुलगा येणार म्हटलं की आवरून बसावं लागतं ना सर. माझ्या आजीचं असंच आहे."

धाकटी बाकावर पुढे सरकली. घ्या, तिचं काम एका परक्या पोराने आयतं करून टाकलं होतं. आता दादाच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरेल म्हणून ती बघत राहिली. पण तो चेहरा हलका झाला नाही, ओस पडला. खडू धरलेला हात वर उचलला होता तो तसाच राहिला.

"तसं असेल," तो म्हणाला, "तर त्या वाक्यात काही उरत नाही, बाळा. मग ती नुसती माहिती झाली."

आणि पाठ फिरवून, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तो फळ्याचा कोपरा तो रुमालाने पुसत राहिला.

धाकटीला तेव्हा कळलं. आपल्याला आईने हाक मारली आणि आपण गेलो नाही, हे दुःख दादाला खात होतं. पण त्या दुःखात निदान हाक तरी होती. तिने आणलेलं औषध त्याला दिलं तर दुखणं जाईल, आणि त्याबरोबर आईही.

चष्मेवालीने तेवढ्यात आपला अनुवाद वाचून दाखवला. धाकटीला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही, पण तिचे डोळे भरलेलेच होते.

"बघा!" दादा म्हणाला. "पास."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तास संपल्यावर दोघं त्याच्या खोलीत गेली. एका खुर्चीवर पुस्तकं, दुसरीवरही पुस्तकंच. त्याने तिच्यासाठी एक मोकळी केली आणि यंत्रातला चहा कागदी कपांत आणला. खिडकीबाहेर दिवसभराचं मळभ तसंच होतं. त्याच्या शर्टाची कॉलर मानेला मोठी होत होती, हे तिला आता जवळून दिसलं.

"तो मुलगा हुशार आहे," दादा म्हणाला. "खिडकीजवळचा."

"पोरकट आहे," धाकटी म्हणाली.

तो कप दोन्ही हातांत धरून बसला. पीत नव्हता.

"तू होतीस तिथे. एकदा सांग. ती मला बोलावत होती ना?"

मनाशी जुळवून आणलेली सगळी वाक्यं धाकटीच्या तोंडाशी आली. कवळी, रक्त, नीट बसावं लागतं, आपण दोघी बऱ्या. तिने चहाचा घोट घेतला. चहा गोडमिट्ट होता.

"हो," ती म्हणाली. "तुलाच बोलावत होती."

दादाने डोळे मिटले. त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. मग त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. आवाज अगदी साधा होता.

"तुला कळलं होतं?"

"हो."

"मग तू का नाही गं मला बोलावलंस?"

बाहेर कुणीतरी पोरगं जिना धडाधडा उतरून गेलं. धाकटीने कप टेबलावर ठेवला. हा प्रश्न येईल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं उत्तर अजूनही तिच्याजवळ होतं. एका वाक्याचं काम होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

दादाने मान हलवली. रागावला नाही, आवाज चढवला नाही. कित्येक महिन्यांनी त्याने समोरचा चहा संपवला, आणि कपाटातून बिस्किटांचा पुडा काढून त्यातली दोन खाल्ली. पुडा तिच्यापुढे करायचं त्याला सुचलं नाही.

ती निघाली तेव्हा तो स्टेशनापर्यंत आला नाही. एरवी हमखास यायचा, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहायचा. आज दारातच थांबला.

"सावकाश जा," तो म्हणाला.

धाकटीने वळून त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या शब्दांच्या मागे दुसरं काहीच उभं नव्हतं.