आत गेलेल्यांसाठी

टेप बारकीच्या कमरेभोवती फिरवून मावशींनी ती पोटावर जुळवली, आकडा वाचला, टेप सैल सोडली आणि पुन्हा जुळवली. आकडा तोच होता.

“किती?” बारकीने विचारलं.

“अठ्ठावीस.”

वहीत मात्र त्यांनी काही लिहिलं नाही. पेन्सिल कानावर होती ती कानावरच राहिली.

“तीस असेल, मावशी. पंधरा दिवस झाले, पँटचं बटण लागत नाही. शर्ट वर सोडून कामावर जातेय.”

मावशी तिच्या सख्ख्या कुणी नव्हत्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणाचं दुकान, म्हणून त्या साऱ्या गल्लीच्या मावशी. बारकीचं पहिलं झबलं त्यांनी शिवलं, शाळेचा गणवेश शिवला, पुढे प्रार्थनाघरात गाणाऱ्या मुलींचा पांढरा झगा शिवला. आता बसकंपनीचा करडा शर्ट आणि पँट. बारकी कंडक्टर होती. ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ हे ती अशा काही सुरात म्हणायची, की दारात पाय रोवून उभी राहणारी माणसंही सरकायची. ड्रायव्हर म्हणायचा, बाई, अंगाई म्हणू नकोस, माझेच डोळे मिटतात.

कापायच्या टेबलाखाली तिची मुलगी बटणांचा डबा घेऊन बसली होती. पाच वर्षांची. “ही दोन डोळ्यांची, ही चार डोळ्यांची,” असं पुटपुटत तिने फरशीवर बटणांची दोन घरं मांडली होती.

बारकीने पडदा थोडा ओढून घेतला.

“सोमवारी दवाखान्यात जातेय,” ती म्हणाली. पुढचा थांबा सांगावा इतक्या सरळ आवाजात. “मोकळी होऊन यायचंय. सकाळी जायचं, दुपारी घरी. पण सोबत मोठं माणूस लागतं. त्याशिवाय सोडत नाहीत.”

मावशींनी टेप गळ्यात टाकली. ती मानेला गार लागली.

“आणि याचा बाप?”

“त्याला सांगितलंय. तो म्हणाला, तू ठरव. मग मी ठरवलं.”

“आई?”

बारकीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मावशींनीच नजर खाली घेतली.

सहा वर्षांपूर्वी याच पडद्यामागे हीच टेप पाच आठवड्यांत दीड इंच सरकली होती. बारकी तेव्हा वीस वर्षांची. दुसऱ्या शहरात गाणं शिकायला जायची होती. प्रवेश मिळाला होता, कपड्यांची पेटी भरून दाराशी ठेवली होती. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि मावशींनीही विचारलं नव्हतं. मापं घेणाऱ्या बाईला पुष्कळ गोष्टी घरच्यांच्या आधी कळतात. शिवताना टाचण्या धरतो तशा त्या ओठांत धरून ठेवायच्या असतात.

दुकानाची एक रीत होती. उसवून सैल केलेल्या कपड्याला मावशी चिठ्ठी टाचायच्या: जुनं माप, नवं माप, तारीख. पुढच्या खेपेला कामाला येते. बारकीचा पांढरा झगा सैल करून झाला तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहिली, टाचली, आणि काढून घेतली. कारण झगा न्यायला त्या दिवशी बारकीची आई येणार होती. पण आदल्याच दिवशी प्रार्थनाघरात प्रवचनकार म्हणाले होते, पोटातल्याला तोंड नसतं. त्याच्या वतीने जो बोलेल तो त्याचा पालक. मावशी बराच वेळ चिठ्ठी हातात घेऊन बसल्या. मग त्यांनी ती पुन्हा टाचली.

पुढचं सगळं तीन दिवसांत झालं. आईने चिठ्ठी वाचली, मग प्रवचनकार, लावलेलं दार. पेटीतले कपडे कपाटात परत गेले. चिठ्ठी चुकून राहिली हो, मावशी सांगत राहिल्या, सवयीने हात गेला. सगळ्यांना पटलं. मूल झालं, गोड झालं. आणि तेव्हापासून मावशी दर सोमवारी, पोट पाडायला येणाऱ्यांना वळवायला दवाखान्याच्या फाटकासमोर हात जोडून उभ्या राहणाऱ्या बायकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहू लागल्या. आपण केलं ते बरोबरच होतं, हे त्यांना आठवड्यातून एकदा तरी चारचौघींत उभं राहून म्हणावं लागे.

“सोमवारी मी...” मावशींनी सुरुवात केली.

“फाटकासमोर असता. माहितीय. आमची बस तिथूनच जाते.”

“बारके, जीव आहे गं तो.”

“असेल.”

“असेल काय?”

“असेल, मावशी. मी नाही कुठे म्हणते? तुम्हाला काय वाटलं, मी हसत चाललेय?”

मावशींनी हलकेच टेबलाखाली बोट दाखवलं. “हिच्याकडे बघ जरा. तेव्हा जर तू...”

“हेच,” बारकी म्हणाली. आवाज तिने आणखी खाली आणला. “आईसुद्धा हेच करते. बोलणं अडलं की हिला पुढे करते, कोर्टात पुरावा ठेवतात तसं. हिच्यावर माझा जीव आहे. ही जेवली नाही तर मला घास जात नाही. पण म्हणून तेव्हा मला कुणी विचारलं नाही, ते बरोबर होतं का? त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही सगळे त्या एकाच धाग्याने शिवून टाकता.”

“आई,” टेबलाखालून आवाज आला, “एक बटण तीन डोळ्यांचं आहे.”

“असू दे. त्याला वेगळं घर दे.”

मावशी स्टुलावर बसल्या. मशीनच्या पायडलवर त्यांचा पाय आपोआप गेला, पण त्यांनी तो चालवला नाही.

“ती चिठ्ठी सवयीने राहिली नव्हती,” त्या म्हणाल्या. “मी काढली होती. मग परत लावली.”

हे वाक्य त्यांनी सहा वर्षं मनात शिवलं होतं, उसवलं होतं. मनातली बारकी ते ऐकून कधी रडायची, कधी कात्री उचलायची, कधी गळ्यात पडायची.

समोरची बारकी म्हणाली, “माहितीय.”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या टाचणीने. तुम्ही चिठ्ठी नेहमी आतून लावता, कॉलरखाली. लहानपणापासून मला ती मानेला टोचायची. झग्याला बाहेरून होती. छातीवर, पदक लावतात तशी.”

मावशींनी खाली पडलेला धाग्याचा तुकडा उचलला, बोटाला गुंडाळला, सोडला. बोटावर पांढरी रेघ उमटली.

“मग इतकी वर्षं माझ्याकडे कशी येत राहिलीस?”

“तुमच्यासारखी पँट कोण शिवतं इथे?” बारकी थोडी हसली. मग हसू पुसल्यासारखं गेलं. “गल्लीत दहा जणी हो म्हणतील, मावशी, आणि सोमवारी एकीचं डोकं दुखेल, एकीकडे पाहुणे येतील. तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय. माफ केलं वगैरे असं काही नाही त्यात.”

मावशींनी मान हलवली. माफीपेक्षा हे त्यांना झेपण्याजोगं वाटलं.

“किती वाजता?”

“साडेआठ.”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, वही उघडली आणि अठ्ठावीस लिहिलं. आकडा फिका उमटला. तो त्यांनी पुन्हा गिरवला.

*

सोमवारी रांगेत नऊ बायका होत्या. पहिली उभी होती निवृत्त मुख्याध्यापिका. रांग तिनेच सुरू केली होती आणि पाऊस-ऊन न बघता तीच चालवायची. मावशींना बघून तिने घड्याळाकडे पाहिलं. मग तिला त्यांच्या दंडाला धरून चालणारी बारकी दिसली, आणि तिचा चेहरा उजळला.

“वळवून आणलंत ना? बरं केलंत हो. ये बाळ, अशी सावलीत ये.”

रांगेतल्या दोघी-तिघींनी आधीच सरकून जागा केली. एकीने पाण्याची बाटली पुढे धरली. बारकीने मावशींचा दंड सोडला नाही.

सोपं होतं सगळं. नुसतं हसायचं, थांबा हं आलेच म्हणायचं, आणि मागच्या दाराने आत जायचं. पुढे कधी कुणी विचारलंच तर काहीतरी सांगता आलं असतं. मावशींचं लोकांना पटायचं.

“वळवून नाही,” त्या म्हणाल्या. “मी हिला आत नेतेय.”

“तुम्ही?”

“सोबत माणूस लागतं.”

बाटली धरलेला हात हळूहळू खाली गेला. फळ्यावर पोरांनी काहीतरी भलतंच लिहून ठेवलेलं दिसावं, तसं मुख्याध्यापिकेने मावशींकडे पाहिलं. मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “पाप लागेल हो तुम्हाला.” त्यात राग नव्हता. काळजीच होती, आणि तीच जास्त लागली.

“लागेल,” मावशी म्हणाल्या. “पहिलं नाही.”

एकीने आपली छत्री जवळ ओढून घेतली. तेवढीच वाट झाली. त्या दोघी तिथून आत गेल्या.

खिडकीतल्या नर्सने फॉर्म भरायला घेतला. “या तुमच्या कोण?”

“माझे कपडे शिवतात,” बारकी म्हणाली.

नर्सने वर पाहिलं, थोडा विचार केला आणि ‘शेजारी’ असं लिहिलं.

लांब बाकावर बसल्यावर बारकीने घड्याळ, कानातलं, केसांची पिन काढून पिशवीत टाकली आणि पिशवी मावशींच्या मांडीवर ठेवली. तिचे हात गार होते. वीस वर्षांची असताना पडद्यामागे होते तितकेच.

“बसा इथेच. प्रार्थना करायची तर करा. फक्त मोठ्याने नको.”

“कुणासाठी करू?” मावशींच्या तोंडून निघून गेलं.

बारकीने जाता जाता मागे वळून पाहिलं. “ते मला नका विचारू, मावशी. माझं मलाच पुष्कळ झालंय.”

दार मिटलं. बाकाच्या वर एक खिडकी होती, फाटकाच्या बाजूची, अर्धी उघडी. थोड्या वेळाने तिच्यातून आवाज यायला लागला. रांगेने प्रार्थना सुरू केली होती. तीनच ओळींची होती ती, अकरा वेळा म्हणायची. नव्या बायकांना ती मावशीच शिकवत असत. पहिली ओळ सगळ्या आयांसाठी, दुसरी पोटातल्यांसाठी. मावशींचे ओठ आपोआप हलू लागले. मांडीवरच्या पिशवीत काहीतरी किणकिणलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण झुलतोय.

मग तिसरी ओळ आली. ‘आणि जे आत गेले, त्यांनाही तू टाकू नकोस.’

ओठ थांबले.

बाहेर नऊ आवाज होते. एक बेसूर, मुख्याध्यापिकेचा नेहमीसारखा अर्धा शब्द पुढे. पहिली ओळ पुन्हा सुरू झाली. बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका बाईने कपाळाला आठ्या घालून खिडकीकडे पाहिलं, मग मावशींकडे. “लावून टाका ना ती,” ती म्हणाली. “ऐकवत नाही.”

“एवढी एकदा होऊ द्या,” मावशी म्हणाल्या.

दुसरी ओळ संपत आली होती. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि मान खिडकीकडे कलती केली. ती तिसरी ओळ त्यांनी सहा वर्षं म्हटली होती. ऐकली मात्र नव्हती.