देवमनच्या गुडघ्यामागची गाठ

वामनरावाने जावयाचा पाय पाटावर ठेवून घेतला, धोतर वर सरकवले आणि गुडघ्यामागची गाठ अंगठ्याने दाबली. लिंबाएवढी, मऊ. देवमन हूं की चूं करीना. ती दुखतच नव्हती.

वामनरावाने तरुणपणी अकोल्यात एका वैद्याकडे अकरा महिने बाटल्या धुतल्या होत्या. तेवढ्यावर तिवशात तीस वर्षे त्याला डॉक्टर म्हणत. त्याच्या औषधाने कोणी बरे झाल्याचे कोणाला आठवत नव्हते. पण तो फी घेत नसे, आणि गावाला तेवढी विद्या पुरत होती.

देवमन नऊ वर्षे पोस्टात बदली माणूस म्हणून टपाल वाटत होता. सत्तावन्न सालच्या मार्चमध्ये कायम होण्याचा कागद आला. पंधरा दिवसांनी अमरावतीला सरकारी डॉक्टरची तपासणी, मग नेमणूक. पुढच्या वर्षी वय आडवे येणार होते. संधी ही एकच.

"अशी गाठ दिसली का डाक्टर पयले फुली मारते," वामनराव म्हणाला. "आठ रोजात जिरवतो, जवाईबुवा."

पंचफुला चुलीपाशी होती. "दुखत नाही तं नवऱ्याच्या पायाले कावून डिवचता, बाबा?"

"तुले काय समजते त्यातलं?"

आधी एरंडाची पाने शेकून बांधली. चार दिवसांनी गाठ जरा लहान वाटली. श्रेय वामनरावाने घेतले. दुसऱ्या दिवशी देवमन सहा कोस टपाल वाटून आला तेव्हा ती होती तेवढी झाली. दोष देवमनच्या चालण्याला गेला. मग हळद-चुना. मग शिशाचा पत्रा इतका आवळून, की पोटरी सुजली. शेजारच्या माणिकबाईने वरवंटा मारून गाठ फोडायला सांगितले. वामनराव हसला. अडाण्यांचे उपाय त्याला पसंत नव्हते.

तीन दिवस उरले तेव्हा त्याने बिब्बा काढला. सुईला टोचून दिव्यावर धरला आणि निघालेले तेल गाठीवर फासले. देवमन सातवी पास होता, गावाची पत्रे वाचून दाखवत होता. सासऱ्याला नाही म्हणणे मात्र त्याला जमले नाही. सकाळी बिब्बा उतला होता. गुडघ्यामागे टरारून फोड आले आणि संध्याकाळपर्यंत फुटले.

अमरावतीच्या डॉक्टरने लाल मांस पाहून विचारले. देवमनने सगळे खरे सांगितले.

"गाठीसाठी मी आजवर कोणाला नापास केलेलं नाही," डॉक्टर म्हणाला. "त्रास नसेल तर तिला हात लावायचा नसतो. पुष्कळदा आपणच जिरते. ही जखम मात्र चिघळली आहे. पाय वाकत नाही तुमचा."

पंधरा दिवसांत भरून येईल, असे देवमनने विनवले. यादी त्याच संध्याकाळी जाणार होती. डॉक्टरने कागदावर 'अयोग्य' लिहिले.

जावयाची कातडीच कच्ची, असे वामनरावाने घरी सांगितले, पारावर सांगितले. पाराने मान डोलावली. त्याच आठवड्यात दोघे जण त्याच्याकडे पाठदुखी घेऊन गेले.

यादीतला पुढचा माणूस, बुधाजी, सोमवारी हजर झाला. देवमनने पिशवी त्याच्या खांद्यावर दिली. वाटा दाखवायला कोणी सांगितले नव्हते. तो लंगडत बरोबर निघाला. कोणते कुत्रे चावते, कोण पत्र घेऊन दार लावून घेते, सगळे सांगत गेला.

पार्बताबाईच्या दाराशी तो थांबला. तिचा मुलगा चांद्याकडे कोळशाच्या खाणीत होता.

"हिले पत्र हाती देऊन जाऊ नको," तो हळू म्हणाला. "वाचून दाखवजो. अन् बसून वाच. हिच्या मालकाच्या मरणाची तार उभ्यानं वाचली होती कोणीतरी. तवापासून उभा माणूस दिसला का घाबरते."

बुधाजी उंबऱ्यावर बसला आणि वाचू लागला. मुलगा खुशाल होता, दिवाळीला येणार होता. देवमनला बसता येत नव्हते. तो चौकटीला टेकून राहिला.

पार्बताबाईचे पत्राकडे लक्ष नव्हते. ती उभ्या देवमनकडे पाहत होती.