रुख्मिणीसाठी राखलेलं सरबत

मित्रांनो, माळ्यावर उपडा पडलेला तो पितळेचा गंज दिसतो ना, तो मी. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे हो. आमच्या वऱ्हाडात उभट पातेल्याला गंज म्हणतात. अमरावतीच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं, आतून चकचकीत कल्हई केली आणि चतुराबाईच्या लग्नात आंदण म्हणून मी वरूडजवळच्या तिच्या खेड्यात आलो.

छप्पन सालानंतर घरानं बुद्धाचा धर्म घेतला. वस्तीत जयंती थाटात होऊ लागली आणि एप्रिलच्या रखरखत्या उन्हात सरबताचा मान माझ्याकडे आला. चतुराबाई संत्री सोलून, बिया काढून रस गाळायची. त्यात टरबुजाचा गर कुस्करायची, साखर, शेंदेलोण आणि चुरगळलेला पुदिना घालायची. लोक पेला रिकामा करून पुन्हा पुढे करायचे. तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा!

संत्र्याच्या बागेत तिच्यासोबत रुख्मिणी कामाला असे. दोघींचं सुखदुःख एक. पण तहान लागली की रुख्मिणीनं वरून पाणी ओतायचं आणि चतुराबाईनं ओंजळ धरायची, अशी गावाची रीत. रुख्मिणीला ते सलायचं. "एखांद्या साली तुया घरी येऊन सरबत पेईन मी," असं ती म्हणायची. चतुराबाई दरवर्षी वाट पाहायची.

एका वर्षी रुख्मिणीनं "औंदा नक्की" असा शब्द दिला. नेमकी त्याच वर्षी माझी कल्हई उडाली होती. कल्हईवाला गल्लीत ओरडून गेला तेव्हा चतुराबाई बागेत होती, म्हणून ते काम राहून गेलं. जयंतीला तिनं दुपारीच मैत्रिणीचा वाटा माझ्यात राखून ठेवला.

"काहून ठेवतं? वाटून टाक," तिचा नवरा देवमन म्हणाला.

"नाई. थे येते आज."

ऊन कललं तरी रुख्मिणी येईना. मी आतल्या आत तळमळत होतो. उघड्या पितळेला आंबट सोसत नाही. सरबत कळकत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

दिवेलागणीला ती आली. जमिनीवर बसली आणि तिथलाच पेला उचलून पुढे केला. "भर वं, चतुरा."

चतुराबाईनं आधी स्वतः थेंबभर चाखलं. तिचा चेहरा उतरला. "पेऊ नोको, बाई. कयकलं हे. तुले काई झालं तं मी काय करू?" असं म्हणून तिनं मला अंगणात उपडं केलं.

रुख्मिणी ओल्या मातीकडे बघत राहिली. "लोकाइनं पाहू नये म्हनून अंधाराची वाट पायत बसली मी. उशीर मीच केला वं." रिकामा पेला ठेवून ती उठली.

तरी रुख्मिणीच्या सासरी कळायचं ते कळलंच. तिचं बागेत येणं बंद झालं आणि दोघी पुन्हा भेटल्या नाहीत. चतुराबाईनं मला कल्हई करून आणली. पुढे प्रत्येक जयंतीला ती एक पेला राखायची आणि दिवे लागले की स्वतःच पिऊन टाकायची. ती गेली, घरात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी भांडी आली आणि मी माळ्यावर चढलो.

मित्रांनो, भांड्याला वेळेवर कल्हई करा. आणि कुणी तुमच्यासाठी सरबत राखून बसलं असेल, तर अंधार पडायची वाट पाहू नका. दुपारीच जा, सगळ्यांच्या देखत.