हडळीची सुनावणी

आमचे मुख्याध्यापक मनोहरराव भुतांना घाबरत नव्हते, पालकांना घाबरायचे. एक पालक तक्रार घेऊन येणार एवढं कळलं आणि लगेच मला बोलावून म्हणाले, "यमुताई, त्यांनी नको म्हटलं, तर भुताखेतांची सगळी पुस्तकं उद्या रद्दीत."

माझं डोकंच फिरलं! सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत लायब्ररी माझ्याकडे. थोरांची चरित्रं धूळ खात पडलेली, आणि भुताच्या कादंबऱ्यांसाठी नववीच्या पोरी मधल्या सुट्टीत रांग लावतात. डबासुद्धा खात नाहीत, बोला! आणि ते कपाट मीच रिकामं करायचं?

तक्रार करणारे ते पालक, शालिकराम, गिरणीतली पाळी संपवून थेट मनोहररावांच्या खोलीत आले. सोबत मुलगी जयवंता, हातात हडळीचं पुस्तक, मान खाली.

"बाई, छप्पन साली आमी धम्माची दीक्षा घेतली," ते म्हणाले. "भुतंखेतं, अंगात येणं, सारं सोडलं. ही पोरगी तं त्याच्यानंतरची. अन् तुमी तिले हडळ वाचाले देता? काहून?"

झालं! माणूस काही चुकीचं बोलत नव्हता, याचाच जास्त राग आला.

"पुस्तक वाचलंत का तुम्ही?"

"मले कुठं टाइम हाय?"

"मग न वाचता निकाल द्यायचा नाही. जयवंता, वाच गं मोठ्यानं."

तिनं मधलंच पान उघडलं. हडळ विहिरीच्या काठावर बसलेली. तिला हाकलायला अख्खं गाव मांत्रिक घेऊन आलेलं. ती गावाला म्हणते, 'जिवंत होते तेव्हा या विहिरीला हात लावू दिला नाहीत. तापात घोटभर पाणी मागत मेले. आता काढा बरं पाणी!'

"थांब वं," शालिकराम म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. त्यांनी टोपी काढली आणि टोपीनंच डोळे पुसले.

"माही माय अशीच उन्हात उभी राहे विहिरीपाशी. कोणी वरून ओतलं तं पाणी, नाहीतं पाण्याचा गुंड रिकामाच घेऊन घरी."

जयवंता बापाकडे बघतच राहिली. हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मनोहरराव खाकरले. "म्हणजे... काढून टाकू ना पुस्तक?"

"ही बाई जिती होती तवाच हाकललं तिले, सर," शालिकराम म्हणाले. "आता आपण काहून हाकलाचं?"