पाव भत्ता

अमेरिकेला जायचं तर रोजचा खर्च किती येतो, हे मला आधी कागदावर पाहिजे होतं. पंचफुला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आपण पोराच्या घरी जाऊन राहिलो, बाजारात नाई. तेथी कायचा आला खर्च?" तिला असं बोलायला काय जातं!

मी एकतीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या बिल सेक्शनला काढली. कोणी ड्युटीवर बाहेरगावी जाऊन आला की त्याचं प्रवासभत्त्याचं बिल माझ्या टेबलावर यायचं, आणि लाल शाई लागल्याशिवाय तिथून सहसा उठायचं नाही. तेव्हाचा नियम मला अजून झोपेत विचारा. राहणं आणि जेवण स्वतःच्या पैशाने झालं असेल तर पूर्ण भत्ता. दोन्ही फुकटात झालं असेल तर पाव. नातेवाइकाकडे उतरलेला माणूसही फुकटातच धरायचा, हा अर्थ मात्र माझा मी काढलेला होता, आणि वरचे साहेब त्यावर न वाचता सही करत. लोक साळ्याकडे कोंबडी खाऊन यायचे आणि बिलाला लॉजची पावती जोडायचे. मी ती पावती दोन बोटांत धरून नुसता त्यांच्याकडे बघत बसायचो. पाठीमागे लोक मला 'पावभत्ते' म्हणत. म्हणोत. सरकारचे पैसे वाचवले, स्वतःच्या घरी नेले नाहीत.

तर तीच सवय मी घरात वापरली. अनुप, आमचा एकुलता एक मुलगा, आठ वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. सून रश्मी, आणि चार वर्षांची नात. नातीला आम्ही फोनवरच पाहिलेलं. व्हिसा झाला, तिकिटं मी माझ्या पैशाने काढली. मे महिन्यातले अठरा दिवस. त्यातले चौदा अनुपच्या घरी, आणि चार दिवस सगळ्यांनी मिळून नायगरा पाहायला जायचं. मी अनुपला फोनवर बजावलं होतं, "आमचा वरखर्च आमचा. तुह्यावर बोजा नाई पाडणार."

वहीत तक्ता आखला. नायगराचे चार दिवस पूर्ण भत्ता, दिवसाला एकशे साठ डॉलर. घरचे चौदा दिवस पाव भत्ता, दिवसाला चाळीस. एकूण बाराशे. डॉलर त्र्याऐंशी रुपये धरला, तर नव्व्याण्णव हजार सहाशे. लाखाच्या आत बसवलं म्हणून मी खूश होतो.

पंचफुला समोर बसून गोधडी शिवत होती. जुन्या सुती लुगड्यांची, चांगली मोठी. नातीला जवळ घेऊन झोपायचं आणि दोघींच्या अंगावर एकच गोधडी घ्यायची, हे तिचं ठरलेलं. ती मी तराजूवर टाकली तेव्हा दोन किलो तीनशे ग्रॅम भरली. वर दोन किलो चिन्नोर तांदूळ, कारण बुद्धपौर्णिमा तिथे येणार होती आणि खीर आपल्याच तांदळाची पाहिजे.

"राहाचं किती लिहलं?" ती विचारायची.

"निरंक."

"म्हंजे?"

"म्हंजे काहीच नाई. पोराच्या घरी राहाचं काय लागते?"

हा शब्द तिला फार आवडला. शेजारच्या बेबीबाईला ती अंगणातून ओरडून सांगायची, "आमचं राहाचं निरंक हाये वो!" आणि रोज संध्याकाळी मला पुन्हा तो तक्ता वाचायला लावायची. बाकीच्या आकड्यांकडे तिचं लक्ष नसे. निरंक आलं की मान हलवायची.

तिथले भाव आपल्याला काय कळणार, म्हणून मी अनुपलाच एकदा तक्ता करून पाठवायला सांगितलं. त्याने तो फोनवर पाठवला. मला कागद हातात लागतो, म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याची प्रिंट काढली आणि तिथेच उभ्याने वाचली.

हॉटेल एकशे दहा. जेवण पन्नास. टॅक्सी वीस. किरकोळ दहा. रोजचे एकशे नव्वद. पुढे दिवस: अठरा.

चारच्या ऐवजी चुकून अठरा पडलं असेल, असं मला वाटलं. मग टॅक्सीची ओळ पाहिली. तिच्यापुढे कंसात लिहिलं होतं, 'हॉटेल ते घर, जाऊन-येऊन'. ही चूक नव्हती. मुलाने आईबापांना पूर्ण भत्ता मंजूर केला होता. एकूण दोन लाख त्र्याऐंशी हजार आठशे साठ. हिशेब बिनचूक होता. पोरगा माझाच.

दुकानाबाहेर येऊन मी त्याला फोन लावला. आपल्याकडे दुपार टळलेली, त्याच्याकडे सकाळच्या नाश्त्याची वेळ. मागे कपबशांचा आवाज येत होता.

"बाबा, रश्मीची आई आहे ना इथे सहा महिने," तो म्हणाला. गेल्या काही वर्षांत तो 'मले' म्हणत नाही, 'मला' म्हणतो. "दोनच बेडरूम आहेत. एकीत त्या आणि छोटी झोपतात."

"आमी हॉलमंदी झोपू. चटई टाकून."

"इथे तसं नाही चालत, बाबा. बरं नाही दिसत. हॉटेल दहा मिनिटांवर आहे, नाश्ता फ्री आहे."

"बरं नाई दिसत? कोणाले?"

यावर तो जरा चिडला. "तुम्हीच म्हणालात ना, खर्च आमचा आम्ही करू? जमत नसेल तर मी भरतो हॉटेलचे. प्रश्न पैशाचा नाहीच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईला तुम्हीच सांगा. तुम्ही नीट सांगता."

एका आईला तिथे खोली होती, दुसरीला हॉटेल. माझा संताप असा झाला की तो कागद फाडून नालीत टाकावा. पण एकतीस वर्षांत मी एक कागद फाडलेला नाही. घडी करून खिशात ठेवला, आणि घरी जायच्या ऐवजी स्कूटर पवनीच्या रस्त्याला लावली. कारण मला भैयालाल आठवला होता.

भैयालाल आमच्या कारखान्यात मशीनवर होता. दोन हजार चार साली त्याला चार दिवसांच्या ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. परत आल्यावर त्याने बिल दिलं, त्याला लॉजची पावती जोडलेली. मी त्याचा मुलगा धनराज याच्या लग्नात जेवलो होतो, आणि धनराज पुण्यात नोकरीला आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. बिल सेक्शनच्या खिडकीसमोर आठ-दहा माणसं उभी होती. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "काय भैयालालजी, सख्खा पोरगा पुण्यात असून बाप लॉजमंदी? पावती कोठून आणली, सांगा ना जी!"

सगळे हसले. भैयालाल हसला नाही. मग माझ्याच टेबलावरचा पेन उचलून त्याने बिलावर लिहिलं, 'मुलाकडे राहिलो', खाली सही केली, आणि लॉजची पावती फाडून खिशात टाकली. दिवसाला सव्वीस रुपये पंचवीस पैसे, चार दिवसांचे एकशे पाच रुपये मी त्याला मंजूर केले आणि सही करून बिलाची एक प्रत त्याच्या हातात दिली. ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं चहाच्या टपरीवर रंगवून सांगितली. बघा, पावभत्त्यापुढे चोर कसा कबूल झाला.

त्याचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. निवृत्तीनंतर तो पुनर्वसनातल्या घरात राहतो आणि मासोळ्या धरतो. मी गेलो तेव्हा अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता.

"जय भीम, बाबू! इकडं कोठं रस्ता चुकले?"

मी बसलो. इकडचं तिकडचं बोलणं मला साधत नाही. सरळ विचारलं, "पुण्याले तुमी लॉजवरच राहिले होते ना?"

त्याचा हात जाळ्यावर थांबला. "एकशे पाच रुपयाची गोष्ट आता कायले उकरून राहिले जी?"

मी खिशातला कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला. इंग्रजी त्याला फार येत नाही, पण हॉटेल आणि अठरा हे त्याला कळलं. कागद परत देताना तो एवढंच म्हणाला, "अनुप बी?"

मी मान हलवली.

"धनराजच्या बायकोले बाथरूमची अडचण होते म्हणे," तो हळू आवाजात म्हणाला. "लॉज त्याच्या घराच्या समोरच होता. गॅलरीतून त्याची खिडकी दिसे. रोज जेवाले बोलवे मले, नाई म्हणत नाई. जेवण झालं का घड्याळ पाहे. तुमी तवा हसून विचारलं, बाबू. नुसतं विचारलं असतं तं मी खरं सांगतलो असतो."

तेवढ्यात त्याची बायको बायाबाई चहा घेऊन आली. अमेरिकेचं तिने ऐकलेलं होतं.

"जाऊन या बाबू, पोराच्या घरी राहून या," ती म्हणाली. "पुण्याले आमच्या याईले बी धनराजनं चार दिवस घरून हालू देलं नाई. माही नणंद म्हणे, पोरगा बापाले पुसत नाई. मी तिले तो बिलाचा कागद दाखवली. 'मुलाकडे राहिलो' असं लिहून हाये ना त्याच्यावर, खाली तुमची सही. सरकारी कागद कायले खोटं बोलन?"

भैयालाल जाळ्यात मान घालून बसला होता. ती आत गेल्यावर म्हणाला, "पेटीत ठेवलन तिनं तो कागद. दिवाळीले काढते, पुसते, परत ठेवते."

परतीच्या वाटेवर मी ठरवलं. भैयालाल एकटा गेला होता, म्हणून त्याला लपवता आलं. पंचफुला माझ्याबरोबर येणार होती, हॉटेल तिला डोळ्यांनी दिसणार होतं. कोणीतरी 'पोराच्या घरी नको' म्हटल्याशिवाय ती त्या खोलीत कशी झोपेल? तो नको म्हणणारा मुलगा असण्यापेक्षा मी असलेला बरा. मला लोकांच्या शिव्यांची सवय आहे.

घरी पोचलो तेव्हा ती गोधडीच्या कडेला शेवटचे टाके घालत होती.

"मी अनुपले सांगतलो," मी चप्पल काढता काढता म्हणालो, "आमच्यासाठी हॉटेल पाहून ठेव म्हणून. पुरे अठरा दिवस. मले दुसऱ्याच्या घरी झोप येत नाई."

सुई तिच्या हातातच राहिली. "दुसऱ्याच्या? पोराचं घर दुसऱ्याचं काहून झालं?"

"मले मोकळं लागते. दिवसा जाऊ, रात्री येऊ."

"आन् माही नात? तिच्याजवळ कोण झोपन?"

"तिची दुसरी आजी हाये ना."

हे बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. मग पंचफुला जे बोलायला लागली ते बेबीबाईच्या अंगणापर्यंत गेलं असेल. चाळीस वर्षांत ती माझ्यावर इतक्या जोराने ओरडली नव्हती. "जिंदगीभर लोकाईचे बिलं कापले तुमी! आता माही नात कापली! पोरगा बिचारा काय म्हणन, बापाले माह्या घराची लाज वाटते म्हणन!" मी खांबाला टेकून ऐकत राहिलो. मध्ये एकदा खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. सांगितलं नाही.

तिने डोळे पुसले आणि अनुपला फोन लावला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर चालू असतो.

"बेटा, तुह्या बाबाचं मनावर घेऊ नको. त्याईचा सोभावच तसा. मी लय बोलली त्याईले. हॉटेलात राहतो म्हणते, पोराच्या घरी नाई. तुले वाईट वाटलं असन, हो ना?"

पलीकडून आवाज आला नाही. मी फोनकडे बघत होतो. खिडकीच्या पलीकडे उभा असलेला माणूस खरं काय ते बोलण्याआधी असाच थांबतो, हे मी हजार वेळा पाहिलेलं आहे. मला वाटलं, आता बोलेल. आई, बाबांनी नाही सांगितलं, मी सांगितलं, असं म्हणेल. तेवढं म्हणाला असता तर मी त्याचं सगळं माफ केलं असतं, त्या हॉटेलसकट.

"ठीक आहे, आई," अनुप म्हणाला. आवाज एकदम मोकळा झाला होता. "बाबांचा हट्ट तुला माहीत आहे. त्यांना जसं बरं वाटतं तसंच करू. तू त्रास नको करून घेऊ."

तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "पाहा. एक शब्द उलटून बोलला नाई. कसा समजदार पोरगा हाये माहा! आन् तुमी!"

मग तिने बॅग उघडली, वर ठेवलेला तांदूळ काढला आणि गोधडी फडताळात टाकली. हॉटेलात खीर कुठे करायची आणि गोधडीत कोणाला घ्यायचं, असं ती स्वतःशीच बोलत होती. बॅगेचं धरलेलं वजन चार किलो तीनशे ग्रॅमनं कमी झालं. मी वही उघडली, 'निरंक' खोडलं, त्याच्यावर एकशे दहा लिहिलं आणि बाजूला लाल शाईने सही केली.