सेकंदाची भूक

माझं सोन्याचांदीचं दुकान आणि घड्याळजींचं दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तीही इतकी पातळ की त्यांच्याकडे बाराचे ठोके पडले की माझं गिऱ्हाईक दचकून उठतं. बावीस वर्षांचा शेजार. एवढ्या वर्षांत घड्याळजी माझ्याशी जेवढं बोलले असतील, तेवढं माझी बायको एका चहात बोलते. माणूस सज्जन, पण शब्द असे जपून वापरणार की जणू त्यांचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झालेत.

असे ते एका सकाळी माझ्या दुकानात आले, मूठ पुढे केली आणि म्हणाले, "शेठ, याचं वजन कराल?" तेव्हा मला वाटलं, आईचा एखादा दागिना असेल. मी काटा शून्यावर आणला. त्यांनी मूठ उघडली. आत शेंगदाण्याएवढं, गुलाबी, उघडंबोडकं काहीतरी होतं आणि ते हलत होतं.

अडीच ग्रॅम भरलं.

ते फिंचचं, म्हणजे चिमणीहून लहान अशा पाळीव पक्ष्याचं, पिल्लू होतं. फिंच पाळलेत घड्याळजींच्या थोरल्या बहिणीने. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोघं भावंडंच राहतात. ताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दीड महिना लेकीकडे गेल्या होत्या. जाताना साठीला टेकलेल्या भावाला त्यांनी बजावलं होतं, बाळ, दाणा घाल, पाणी बदल आणि घरट्यात उगाच डोकावू नकोस. बाळ डोकावले नव्हते. पिल्लूच पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं सापडलं. तीन भावंडं धष्टपुष्ट आणि हे चौथं तोळामासा प्रकृतीचं. खरं तर त्यात तोळा नव्हताच, नुसते अडीच मासे. घड्याळजींनी ते दोनदा घरट्यात परत ठेवलं, दोनदा आईबापांनी ते बाहेर ढकललं.

रस्त्यापलीकडे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांचा हात गाई-घोड्यांवर बसलेला. त्यांनी आधी पिल्लाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले. एक पावडर दिली. ती कोमट पाण्यात कालवायची, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने थेंबथेंब भरवायची, गळ्याची पिशवी फुगली की थांबायचं. शिवाय सतत ऊब हवी.

"जगेल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण या गावात हे काम जमलं तर तुमच्याच हातांना जमेल."

घड्याळजींच्या टेबलावर दिव्याखाली एक खोका आला, त्यात हातरुमाल, बाजूला थर्मामीटर. तेल सोडायचा ड्रॉपर होताच, पण तो नको म्हणून नवा कोरा आणला. घड्याळजी डोळ्याला भिंग चढवून पिल्लाच्या चोचीत थेंब सोडायचे. सारखं थरथरायचं म्हणून त्याचं नाव पडलं सेकंद. "सेकंद झोपलाय, नंतर या," असं ते लोकांना सांगत आणि लोक हा घड्याळातला काहीतरी बिघाड असेल असं समजून मुकाट्याने परत जात.

तिसऱ्या दिवशी मात्र घोटाळा झाला. एका नाजूक मनगटी घड्याळात घड्याळजींचं डोकं असं अडकलं की दीड तास उलटून गेला. माझ्या भिंतीवर थापा पडल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी धावलो. पिल्लाची मान लोंबत होती. घड्याळजींनी ते ओंजळीत घेऊन तोंडाशी धरलं होतं आणि हळूहळू वाफ सोडत होते. मी पावडर कालवली. बऱ्याच वेळाने चोच किंचित उघडली. एक थेंब गेला. मग दुसरा. घड्याळजी स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "मी इतरांची घड्याळं लावतो हो."

एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानात ओळीने चोवीस गजराची घड्याळं मांडलेली होती. सकाळी साडेसहाचं, सातचं, साडेसातचं, असं करत संध्याकाळी सहापर्यंत. एकावर भरवसा ठेवायला घड्याळजी आता तयार नव्हते. त्यांची स्वतःची सात, बाकीची गिऱ्हाइकांची. दर अर्ध्या तासाला भिंतीपलीकडे बोंबाबोंब. माझ्याकडे कानातली बघायला आलेल्या बायका कानात बोटं घालू लागल्या.

आणि गिऱ्हाइकांना घड्याळं परत मिळेनात. "तुमचं साडेअकराचं आहे," घड्याळजी शांतपणे सांगत, "अजून तीन आठवडे सोडता येणार नाही." लोक वैतागत, पण खोक्यात डोकावले की निवळत. निवळल्या नाहीत त्या फक्त मुख्याध्यापिकाबाई. त्यांचं घड्याळ दुपारी दोनचं होतं.

"मग मी पहाटे उठू कशी?" त्यांनी विचारलं.

घड्याळजींनी विचार केला आणि सांगितलं की सेकंद साडेसहाला ओरडतो, हवं तर रोज फोन लावून ऐकवतो. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे असं पाहिलं की मीसुद्धा खिशातले हात बाहेर काढले. पण दुसऱ्या दिवशी शाळा सकाळची असल्याने त्या बरोबर दोनला हजर. आपलं घड्याळ वेळेवर वाजतं की नाही हे तपासायला, असं त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा ड्रॉपर हातात घेतला.

सेकंदाने चोच घट्ट मिटली. बाईंनी दटावलं, तरी मिटलेलीच. मग आमच्या लक्षात आलं की त्याच्या लेखी आई म्हणजे भिंग. डोळ्याला काळं नळकांडं लावलेला कुणीही आला की हा तोंड उघडणार, नाहीतर उपाशी बसणार. बाईंनी भिंग लावलं. पुढे एकदा त्या तशाच रस्त्यावर गेल्या आणि शाळेतल्या पोरांनी वाट मोकळी करून दिली.

रोज सकाळी मी वजन करायचो. चार ग्रॅम. सहा. एक दिवस पाव ग्रॅम घटलं, तर घड्याळजींनी जेवण सोडलं आणि मी काटा दोनदा तपासला. मग आठ. पिसं आली, चोच काळीची केशरी होऊ लागली आणि सेकंद घड्याळजींच्या टकलावरून दिव्यावर, दिव्यावरून लंबकाच्या घड्याळावर उडू लागला. लंबकावर बसून झोके घ्यायचा. ते घड्याळ रोज अकरा मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळजींनी ते दुरुस्त केलं नाही.

दहा ग्रॅमवर गाडी अडली. दाणे समोर पसरले तरी सेकंद त्यांच्यावरून चालत जायचा आणि भिंगापुढे आ वासायचा. पिंजऱ्यात सोडून पाहिलं, तर सख्ख्या बापाने त्याला मिनिटभरात कोपऱ्यात दाबला. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला की त्याच्यासमोर कुणीतरी दाणे टिपून दाखवायला हवं, त्याशिवाय शिकणार नाही.

घड्याळजींनी चिमट्याने दाणे उचलून दाखवले. सेकंद चिमट्याकडे बघून आ वासून बसला. मी तर्जनी टेबलावर आपटली, तर तिच्यावर चढून बसला. ताई चार दिवसांनी येणार होत्या.

मुख्याध्यापिकाबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"पोरं सांगून शिकत नाहीत," त्या म्हणाल्या, "बघून शिकतात. सरका."

आणि एकतीस वर्षं ज्यांनी शाळा धाकात ठेवली त्या बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, कमरेत वाकल्या आणि टेबलावरचे दाणे नाकाने टकाटक टिपायला लागल्या. घड्याळजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तेही वाकले. आता मी एकटाच ताठ उभा राहणं बरं दिसेना.

आम्ही तिघं पाचेक मिनिटं टिपत होतो. माझी कंबर बोलायला लागली होती. घड्याळजींच्या मिशीत दाणे अडकले होते. सेकंद मान तिरकी करून एकेकाकडे बघत होता. शेवटी तो तुरुतुरु बाईंच्या समोर गेला, त्यांच्या नाकाच्या शेंड्याला चिकटलेला एक दाणा उचलला, चोचीत फिरवला, साल टाकली आणि गिळला. बाई हलल्या नाहीत. श्वाससुद्धा घेतला नसावा. मग त्याने खाली वाकून दुसरा दाणा टेबलावरून टिपला.

"आलं," बाई नाक न हलवता म्हणाल्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला. डॉक्टरीणबाई कधीच्या उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मी निरोपात अजून एक सांगायला विसरले, पिंजऱ्याशेजारी नुसता याचा खोका ठेवला असता तरी जाळीतून भावंडांना बघून शिकला असता. मी कपाळाचे दाणे पुसले.

ताई काठी टेकत जिना चढल्या तेव्हा सेकंद पिंजऱ्यात भावंडांच्या रांगेत बसला होता आणि आता उलट बापावरच चोच उगारत होता. बारा ग्रॅम. घड्याळजींनी सगळं सांगितलं. मी ऐकलं, चांगली दहा वाक्यं झाली. ताई पिंजऱ्याशी बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. भावाच्या पाठीवर एकदा हात ठेवला.

मग वळून मला म्हणाल्या, "जरा जाडच केलाय तुम्ही याला."