‘दरड’च्या माइकची टोपी

“शी! सोहेल, ही टोपी बदल बाबा. नाकापाशी आली की मळमळतंय मला.”

“आत्ता? पायरीवर उभी राहून? गाव वाट बघतंय, तेजे. नाक दाब आणि चढ.”

परवा कुरवंड्याला तेजलचा सत्कार होता, तेव्हा स्टेजच्या मागे हे बोलणं झालं. माझ्यापासून दोन बोटांवर. मला वास येतो एवढं माणसांना कळतं. मला ऐकूही येतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी स्पंजची टोपी आहे. माइकच्या डोक्यावर काळा गोळा असतो ना, तो मी. पुष्कळांना वाटतं मीच माइक. नाही हो. माइक आत असतो, जाळीमागे, जावयासारखा. बाहेर ऊन, धूर आणि तोंडं यांच्यासमोर मी. माझी कामं दोनच. वारा आत जाऊ द्यायचा नाही आणि थुंकी आत जाऊ द्यायची नाही. वारा निघून जातो. थुंकी राहते. तेव्हा आधीच सांगून ठेवते, तो वास माझा नाही. तो तुम्हा सगळ्यांचा आहे, मी फक्त सांभाळलाय.

आम्ही पाच बहिणी एका पिशवीत होतो. लाल, पिवळी, निळी, हिरवी आणि मी. लोणावळ्याच्या बाजारात एका दुकानात चार्जरच्या शेजारी टांगलेल्या. मळवलीचे राजमहंमदचाचा मंडप, गाद्या, भांडी आणि साउंड भाड्याने देतात. त्यांनी टोमॅटो चाचपावा तशी आमची पिशवी चाचपली आणि घेतली. रंगीत बहिणी हळदी-बारशांच्या चांगल्या माइकांवर गेल्या. मला चाचा म्हणाले, “काळीला मळ दिसत न्हाई. हिला रोजच्या कामाला लावा.”

झालं. माझं नशीब त्या एका वाक्यात ठरलं. मळ दिसत नाही म्हणून मला कुणी धुतलंच नाही.

पहिल्याच दिवशी एक गृहस्थ आले आणि माझ्या तोंडावर “फू, फू” केलं. मग बोटाने टकटक. मग “हॅलो, हॅलो”. माइक चालू आहे का हे बघायला त्याच्यावर फुंकायचं असतं, हा शोध कुणी लावला ते मला कधीतरी भेटू दे. पुढे तर विचारू नका. “मी फक्त दोन शब्द बोलतो” म्हणून उठणारे पुढारी, ज्यांच्या प्रत्येक ‘भ’बरोबर मटणाचा रस्सा यायचा. मिश्री लावून ताज्या ताज्या आलेल्या मावश्या. उखाणा घेताना कच्चा कांदा सोडणारे नवरदेव. एका बारशाला एका पोराने माझा लचकाच तोडला. खालच्या कडेला अजून खळगा आहे. पोराची आई म्हणाली, “अगं बाई, पोटात गेलं का?” माझं काय गेलं, ते कुणी विचारलं नाही.

असं सगळं चाललं असताना तेजल आली. म्हणजे आधी तिची हाक आली.

कुरवंड्याला एक लग्न होतं. चाचांचा मुलगा सोहेल वायरी ओढत होता, मी टेबलावर उताणी पडले होते. एवढ्यात वरच्या उतारावरून आवाज आला, “भुरेऽऽ! माघारी ये गंऽऽ!” नागफणीच्या कड्याने तो जसाच्या तसा परत फेकला. खाली झाडीत कुठेतरी म्हशीची घंटा वाजली आणि भुरी मुकाट्याने चढायला लागली. सोहेलच्या हातातली वायर तशीच राहिली.

“अब्बा, ऐकलं?”

“ऐकलं,” चाचा म्हणाले. “आसं वरडाया लागली लोकं तर आपला साउंड कोन न्हेनार?”

ती गावातल्याच शालूबाईंची लेक. हातात काठी, पायात चिखल, लोणावळ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. सोहेलने माइक पुढे केला. तिने फुंकलं नाही. टकटक केलं नाही. नुसतं विचारलं, “ह्याच्यात काय बोलायचं?”

“आत्ता म्हशीला बोललीस तेच.”

मित्रांनो, आवाज माइकात जायच्या आधी माझ्यातून जातो. इतक्या वर्षांत माझ्यातून फक्त वाफ आणि अन्न गेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी आरपार गेलं.

मग चाचांच्या गोदामात गाद्यांच्या थप्पीसमोर सराव सुरू झाला. सोहेलची गिटार, कामशेतच्या कैलासचे ड्रम आणि तेजलचा गळा. बँडला नाव चाचांनीच दिलं, ‘दरड’. म्हणाले, “घाटात दरड आली की सगळं जागच्या जागी थांबतं. तुमचं गानं आलं की तसं थांबाया पायजे. न्हाईतर गाद्या उचलाया या.” ‘दरड’चं गाजलेलं गाणं भुरीचंच.

*डोंगर विकला खालचा, भुरे,*
*गवत कुंपणात गेलं,*
*माघारी ये गं, माघारी ये,*
*आपलं रान कुणी नेलं?*

शेवटच्या ओळीला ती अशी ओरडायची की माझ्या भोकाभोकांत थुंकी बसायची. त्या थुंकीला तांदळाच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास. किळस यायचीच, खोटं कशाला बोलू? पण तान्ह्या पोराच्या लाळेची जशी येते आणि येत नाही, तशी.

दरड खरंच कोसळली. पवनेच्या काठाला तंबू लावून बसणारी पुण्या-मुंबईची मंडळी गाणं थांबलं तरी हलायची नाहीत. फोनाफोनांतून तिची हाक फिरली. फलकांवर ‘घाटाची वाघीण’ असं छापून आलं. शालूबाई फलक बघून म्हणाल्या, “वाघीन म्हनं! घरात पालीला भिती.”

पण मागणी वाढली तशी घाणही वाढली. आज या तंबूवाल्याकडे, उद्या त्या रिसॉर्टला, एकाच संध्याकाळी दोन-दोन ठिकाणी. शेकोटीचा धूर, कोळशावर जळणारं मांस. एखादा झिंगलेला पाहुणा मधेच स्टेजवर यायचा, माइक हिसकायचा आणि “लव्ह यू दरड!” म्हणून माझा मुका घ्यायचा. ते मी वर्णन करत नाही. तुम्ही जेवायला बसला असाल.

या सगळ्या धुरावरून, गोंगाटावरून तेजल ओरडत राहिली. आणि एके दिवशी तिच्या आवाजाच्या आधी वाऱ्याचा एक पापुद्रा सुटला. कुणाला कळलं नाही. मला कळलं. पुढच्या आठवड्यात पापुद्रा जाड झाला. ज्येष्ठमध आलं, गरम पाणी आलं, खोकल्याच्या गोळ्या आल्या. शेवटी सोहेल तिला तळेगावच्या घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी तिच्या पिशवीतच होते. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. गळ्यात गाठी आल्यात. तीन महिने गाणं नाही, बोलणंसुद्धा नाही. आत्ता गप्प बसलीस तर आवाज परत येईल. नाही बसलीस तर खात्री देत नाही.

परतीच्या वाटेवर सोहेल म्हणाला, “सीझन उतरला की बघू.”

“कधी उतरतो?”

“पाऊस लागला की.”

“पावसात तर धबधब्याला गर्दी डबल आस्ती.”

यावर सोहेलने गाणं लावलं. तिचंच.

त्याच गाण्याने पुढचा घोटाळा केला. पुण्यातल्या स्टुडिओत ते आधी रेकॉर्ड केलेलं होतं. सोहेलने ते लॅपटॉपवर घेतलं आणि माझ्या माइकचा आवाज मिक्सरवर पार शून्याला नेला. तेजलने नुसते ओठ हलवायचे. सीझनपुरतं. कैलास डोळे मिटून ड्रम बडवायचा. घसा का बसलाय म्हणून कुणी विचारलं की चाचांचं उत्तर तयार असायचं, “धुकं लय हाय.” जानेवारीत ते खपलं. एप्रिलात डांबर पाघळत होतं तरी धुकंच होतं.

आणि बघा, गाणं बंद करूनही तिच्या गळ्याला विसावा नव्हता. लपवायचं म्हणजे बोलावं लागतं. ती दिवसभर पाहुण्यांशी हसून बोलायची, फोनवर बोलायची, आईशी तर जास्तच बोलायची. घशाशी हात गेला की तो हात केसांना लावून खाली आणायची.

मी जन्मभर थुंकीला नावं ठेवली. पण खरी किळस काय असते ते मला त्या दिवसांत कळलं. तिचं तोंड माझ्याजवळ यायचं. ओठांवर लाली, जिभेवर पुदिन्याची गोळी, सुवास नुसता. तोंड उघडायचं, गळ्याच्या शिरा फुगायच्या आणि माझ्यापर्यंत श्वाससुद्धा यायचा नाही. मागून स्पीकरच्या पेटीतून हाक सुटायची, “माघारी ये गंऽऽ!” समोर बायका डोळे पुसायच्या. कडा ती हाकही परत द्यायचा. कड्याचं काय, तो सगळ्यांनाच परत बोलतो. मी मात्र कोरडी ठणठणीत. मेलेल्या माणसाच्या तोंडाशी आरसा धरतात ना, तशी मला रोज धरत होते. मिश्रीवाल्या मावश्या बऱ्या होत्या, निदान जिवंत होत्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने शेवटी एखादी विनंती करायची रीत आहे. मी ती आधीच करून घेते, कारण शेवटचं बोलणं माझं नाही. घरात स्पंजची टोपी असेल तर तिला साबणाच्या कोमट पाण्यात बुचकळा, पिळू नका, सावलीत वाळवा. दिसत नाही म्हणून मळ नसतो असं नाही. आणि कुणाचा आवाज बसलेला दिसला तर “धुकं आहे” म्हणू नका.

तर कुरवंडे.

गावाने देवळापुढच्या पटांगणात सत्कार ठेवला. ऊन अजून उतरायचं होतं. तेजल आदल्या दिवसापासून सोहेलला सांगत होती, “हितं नको. बाकी कुटंबी चालंल. गावाला माजी हाक ठावं हाय.”

“पेटीतबी तुझीच हाक आहे ना? दुसऱ्या कुणाची थोडीच लावतोय?”

म्हणूनच पायरीपाशी ती माझ्या वासावर घसरली. मळमळत होतं ते माझ्यामुळे नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि सोहेललाही.

ती पायरी चढली. कैलासने काठ्या आपटल्या. गाणं सुरू झालं. पुढच्या चटईवर शालूबाई, नवं लुगडं, मांडीवर ताट. ताटात निरांजन, कुंकू आणि पेढ्यांचा खोका.

आता गावात एक असतं. शहरात गाणं संपेपर्यंत थांबतात. गावात ओवाळायचं मनात आलं की ओवाळतात. दुसऱ्या कडव्याला शालूबाई उठल्या, पदर खोचला आणि ताट घेऊन थेट स्टेजवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी लेकीला कुंकू लावलं, निरांजन फिरवलं, बोटं कानशिलावर मोडली. तेजल ओठ हलवत राहिली. काय करणार? पेटीत गाणं चालूच होतं. आणि शेवटच्या ओळीआधी तिने हाकेसाठी तोंड मोठं उघडलं, तेव्हा आईला वाटलं, लेकीने आपल्यासाठीच आ केला. आईने अख्खा पेढा तोंडात कोंबला.

“माघारी ये गंऽऽ! माघारी येऽऽ!” हाक सुटली. स्वच्छ, धारदार. कड्यावर जाऊन परत आली.

तेजलचे दोन्ही गाल फुगलेले.

पहिल्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या. मग मागच्या. कैलासचा एक हात वरच राहिला. गाणं आपलं चालूच. गावाने वर बघितलं, जमिनीकडे बघितलं, एकमेकांकडे मात्र बघितलं नाही. चाचा बिचारे सवयीने पुढे झाले. “ते काय हाय, धुकं लय...” एवढं म्हणाले आणि रखरखीत उन्हाकडे बघून मागे सरले.

शालूबाई ताट धरून उभ्या होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे.

“तेजे, तोंडात पेढा हाय. मग वरडतंय कोन?”

एक म्हातारी फिस्सकन हसली. बाकी कुणी हसलं नाही. सोहेलने लॅपटॉप मिटला. पटांगणात निरांजनाची वात फडफडली तेवढंच.

तेजलने माइक खाली ठेवला असता तरी कुणी अडवलं नसतं. पळून गेली असती तरी गावाने दुसऱ्या दिवशी विषय काढला नसता. गाव त्यात पटाईत आहे. पण तिने सोहेलकडे बघितलं आणि अंगठा वर केला. आवाज दे, अशी खूण. सोहेलने मान हलवली, नको. तिने परत खूण केली. मग त्याने मिक्सरवर बोट सरकवलं. कित्येक महिन्यांनी माझ्या आतला माइक जागा झाला.

तिने मला ओठांशी आणलं. घाईने पेढा गिळला, अर्धा ठसक्याबरोबर माझ्यावर आला. खवा, वेलची, थुंकी, सगळा चिकट राडा माझ्या भोकाभोकांत. किळस आली. आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग श्वास आला. फाटका, नुसत्या वाऱ्याचा, पण तिचा. आईकडे बघत ती बोलली. चारी पेट्यांतून ऐकू गेलं, कड्यापर्यंत मात्र पोचलं नाही.

“आये, माजा आवाज गेलाय.”